शालेय शिक्षणातील पालकांचा सहभाग

शालेय शिक्षणातील पालकांचा सहभाग म्हणजे मुलांचे शिक्षण सुरळीत चालावे आणि त्यांची प्रगती व्हावी यासाठी आई-वडील किंवा मुलांचा सांभाळ करणाऱ्या इतर व्यक्तींनी घरी, शाळेत आणि समाजात केलेले प्रयत्न होत. मुलांशी अभ्यासाविषयी बोलणे, त्यांना गोष्टी वाचून दाखवणे, नियमितपणे शाळेत पाठवणे, शिक्षकांच्या संपर्कात राहणे आणि शाळेच्या कारभारात भाग घेणे हे या सहभागाचे प्रमुख प्रकार आहेत. शिक्षणशास्त्र, बालमानसशास्त्र, समाजशास्त्र आणि अर्थशास्त्र या विद्याशाखांमध्ये या विषयाचा अभ्यास होतो.

पालकांच्या सहभागाचा आणि मुलांच्या शैक्षणिक प्रगतीचा संबंध अनेक अभ्यासांत आढळला आहे. तथापि सहभागाचे सर्व प्रकार सारखे उपयुक्त ठरत नाहीत. पालकांनी प्रत्यक्ष धडे शिकवण्यापेक्षा शिक्षणाविषयी बाळगलेली अपेक्षा, मुलांशी होणारा संवाद आणि घरातील नियमित दिनक्रम यांचा परिणाम अधिक सातत्याने दिसतो. या निष्कर्षाला भारतात विशेष महत्त्व आहे. येथे शाळेत जाणाऱ्या अनेक मुलांच्या पालकांना स्वतः शालेय शिक्षण पूर्ण करता आलेले नाही आणि आपण मुलांना काहीच मदत करू शकत नाही, असा त्यांचा समज असतो.

## संकल्पना आणि प्रकार

अमेरिकी समाजशास्त्रज्ञ जॉइस एपस्टाइन यांनी पालकांच्या सहभागाचे सहा प्रकार सांगितले आहेत : मुलांचे संगोपन, शाळेशी संवाद, शाळेतील स्वयंसेवा, घरातील अध्ययनाला साहाय्य, निर्णयप्रक्रियेतील सहभाग आणि समाजातील संस्थांशी सहकार्य. शैक्षणिक धोरणे आखताना हे वर्गीकरण अनेक देशांत वापरले जाते.

अभ्यासाच्या सोयीसाठी या प्रकारांची तीन गटांत मांडणी केली जाते. पालकसभा, स्नेहसंमेलन, समित्या इत्यादींमधील उपस्थिती हा शाळेतील सहभाग होय. गृहपाठाकडे लक्ष देणे, पुस्तके उपलब्ध करून देणे आणि अभ्यासाला जागा व वेळ देणे हा घरातील सहभाग होय. तिसऱ्या गटात शिक्षणाचे मोल मुलांच्या मनावर बिंबवणे, त्यांच्या आवडीनिवडी समजून घेणे आणि शिक्षणाचा त्यांच्या पुढील आयुष्याशी संबंध जोडून दाखवणे या गोष्टी येतात. हा तिसरा प्रकार बाहेरून सहसा दिसत नाही. त्यामुळे पालकसभेला न येणारे पालक मुलांच्या शिक्षणाबाबत उदासीन आहेत, असा निष्कर्ष काढणे अनेकदा चुकीचे ठरते.

## ऐतिहासिक पार्श्वभूमी

मुलांना शाळेत पाठवणे हे पालकांचे कर्तव्य मानले जाऊ लागले ते सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाच्या कल्पनेबरोबर. महात्मा जोतीराव फुले यांनी 1882 मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात प्राथमिक शिक्षण वयाच्या किमान 12 वर्षांपर्यंत सक्तीचे करावे, अशी मागणी केली होती. बडोदा संस्थानात सयाजीराव गायकवाड यांनी 1906 मध्ये संस्थानभर सक्तीचे प्राथमिक शिक्षण लागू केले. कोल्हापूर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी 1917 मध्ये मोफत व सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा निर्णय घेतला. मुलांना शाळेत न पाठवणाऱ्या पालकांना दरमहा एक रुपया दंड करण्याची तरतूद त्यात होती. या टप्प्यावर पालकांचा संबंध प्रामुख्याने मुलांच्या हजेरीपुरता होता.

विसाव्या शतकात बालशिक्षणाच्या चळवळीने घर आणि शाळा यांच्या नात्याचा वेगळा विचार मांडला. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी 1926 मध्ये नूतन बालशिक्षण संघाची स्थापना केली. बालशिक्षणाच्या प्रसाराबरोबर पालकांचे प्रबोधन हेही या चळवळीचे एक अंग होते. ताराबाई मोडक यांनी 1945 मध्ये बोर्डी येथे आणि पुढे कोसबाड येथे आदिवासी मुलांसाठी शैक्षणिक प्रयोग केले. या कार्यात अनुताई वाघ यांचा मोठा वाटा होता. मुले शाळेत येत नाहीत म्हणून पालकांना दोष देण्याऐवजी शाळाच पाड्यावरील अंगणात नेण्यात आली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा चालवण्यात आल्या. पालकांच्या उपजीविकेची गरज लक्षात घेऊन शाळेची जागा व वेळ ठरवण्याचे हे भारतातील एक महत्त्वाचे उदाहरण मानले जाते.

मराठीत पालकत्वाविषयी सातत्याने लेखन होत आले आहे. पुण्यातून 1987 पासून प्रसिद्ध होणारे ‘पालकनीती’ हे मासिक याच विषयाला वाहिलेले आहे.

## कायदेशीर चौकट

86व्या घटनादुरुस्तीने (2002) भारतीय संविधानात अनुच्छेद 21क समाविष्ट करून 6 ते 14 वर्षे वयोगटातील बालकांना शिक्षणाचा मूलभूत हक्क दिला. त्याच दुरुस्तीने अनुच्छेद 51क मध्ये या वयाच्या पाल्यांना शिक्षणाच्या संधी उपलब्ध करून देण्याचे मूलभूत कर्तव्य पालकांवर सोपवले.

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, 2009 हा कायदा 1 एप्रिल 2010 पासून अमलात आला. पालकांशी थेट संबंध असलेल्या त्यातील प्रमुख तरतुदी पुढीलप्रमाणे आहेत :

* कलम 10 : पाल्याला प्राथमिक शिक्षणासाठी शाळेत दाखल करणे हे पालकांचे कर्तव्य आहे.
* कलम 13 : प्रवेशासाठी बालकाची किंवा त्याच्या पालकांची चाळणी परीक्षा अथवा मुलाखत घेता येत नाही.
* कलम 17 : शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना मनाई आहे.
* कलम 21 : शाळांमध्ये शाळा व्यवस्थापन समिती स्थापन करणे आवश्यक आहे. समितीचे किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि एकूण सदस्यांपैकी निम्म्या महिला असाव्या लागतात. खासगी विनाअनुदानित शाळांना हे कलम लागू नाही.
* कलम 24 : शिक्षकांनी नियमित पालकसभा घेऊन पाल्याची उपस्थिती, अध्ययनक्षमता आणि प्रगती यांची माहिती पालकांना दिली पाहिजे.

शाळा व्यवस्थापन समितीने शाळेच्या कामकाजावर देखरेख ठेवणे, शाळा विकास आराखडा तयार करणे आणि मिळालेल्या अनुदानाच्या विनियोगावर लक्ष ठेवणे अपेक्षित असते. महाराष्ट्रात शुल्क विनियमनाच्या कायद्यानुसार खासगी शाळांतील शुल्कनिश्चितीच्या प्रक्रियेत पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीला स्थान देण्यात आले आहे. म्हणजेच पालक हे शाळेच्या सूचना पाळणारे आणि तिच्या कारभाराबद्दल प्रश्न विचारण्याचा अधिकार असलेले, असे दोन्ही आहेत.

## संशोधनातील निष्कर्ष

अमेरिकेत जेम्स कोलमन यांच्या नेतृत्वाखाली 1966 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालाने या विषयाकडे जगाचे लक्ष वेधले. विद्यार्थ्यांच्या यशातील फरकांशी शाळेच्या साधनसामग्रीपेक्षा कौटुंबिक पार्श्वभूमीचा संबंध अधिक असल्याचे त्यात म्हटले होते. मात्र कौटुंबिक पार्श्वभूमीत उत्पन्न आणि पालकांचे शिक्षण यांचाही समावेश होतो. पालकांच्या प्रत्यक्ष वागण्याचा परिणाम त्यापासून वेगळा काढणे अवघड असते.

नॅन्सी हिल आणि डायना टायसन यांनी माध्यमिक टप्प्याच्या सुरुवातीच्या इयत्तांमधील विद्यार्थ्यांविषयीच्या 50 अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण 2009 मध्ये प्रसिद्ध केले. अपेक्षा व्यक्त करणे, शिक्षणाचे मोल सांगणे आणि भविष्याविषयी बोलणे या प्रकारच्या सहभागाचा यशाशी सर्वाधिक दृढ संबंध त्यांना आढळला. गृहपाठातील मदतीचा संबंध मात्र सातत्याने अनुकूल नव्हता. अभ्यासात मागे पडलेल्या मुलांनाच पालक अधिक मदत करतात, हे त्याचे एक कारण असू शकते. मदतीमुळे घरात निर्माण होणारा ताण हे दुसरे संभाव्य कारण आहे.

भारतात बिहार आणि राजस्थानमधील ग्रामीण भागात करण्यात आलेल्या आणि 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात मातांसाठी साक्षरता वर्ग चालवण्यात आले, तसेच मुलांबरोबर घरी करावयाच्या कृतींचे साहित्य त्यांना देण्यात आले. या उपक्रमांमुळे मातांचा घरातील सहभाग वाढला आणि मुलांच्या गणितातील कामगिरीत अल्प, पण निश्चित सुधारणा झाली.

उत्तर प्रदेशातील जौनपूर जिल्ह्यातील प्रयोगाचे निष्कर्ष 2010 मध्ये प्रसिद्ध झाले. गावात शिक्षण समिती आहे, हेच अनेक पालकांना ठाऊक नव्हते. आपल्या मुलाला वाचता येते, असे मानणाऱ्या पालकांपैकी अनेकांचा अंदाज प्रत्यक्षापेक्षा बराच वरचा होता. समितीविषयी केवळ माहिती दिल्याने शाळेतील सहभाग वाढला नाही. परंतु गावातील स्वयंसेवकांना प्रशिक्षण देऊन वाचनवर्ग सुरू केल्यावर त्या वर्गांना जाणाऱ्या मुलांचे वाचन सुधारले. पालकांना हक्कांची माहिती देण्याबरोबरच नेमके काय करावे याचा सोपा मार्ग उपलब्ध करून द्यावा लागतो, हे या प्रयोगातून दिसून आले.

## घरातील सहभाग

### संवाद आणि वाचन

मुलांचा शब्दसंग्रह आणि आकलन यांचा पाया शाळेत जाण्यापूर्वीच्या संवादात घातला जातो. गोष्ट सांगणे, गोष्टीत पुढे काय होईल असे विचारणे, उखाणे व कोडी घालणे, दिवसभरातील घटना क्रमाने सांगायला लावणे या कृतींतून भाषा समृद्ध होते. लहान मुलांना वाचून दाखवताना पुस्तकातील चित्रांविषयी प्रश्न विचारणे आणि त्यांच्या उत्तरात भर घालणे उपयुक्त ठरते. वाचता न येणाऱ्या पालकांना चित्रांवरून गोष्ट रचता येते, तसेच मुलाला वाचायला सांगून ते ऐकताही येते.

घरातील व्यवहारांतून गणिताचा परिचय होतो. बाजारातील हिशेब, शिधा मोजणे, एसटीचे वेळापत्रक पाहणे, चपात्या किंवा भाकऱ्या सारख्या वाटणे या प्रसंगांत मोजणी, मापन आणि अपूर्णांक यांच्या कल्पना सहज येतात.

हा संवाद मुलाच्या प्रथम भाषेत झाल्यास अधिक मोकळा आणि सखोल होतो. मूल इंग्रजी माध्यमाच्या शाळेत शिकत असले, तरी घरातील मराठी, कोरकू, गोंडी किंवा अन्य भाषेतील संभाषण त्याच्या अभ्यासात अडथळा आणत नाही. एका भाषेत पक्की झालेली संकल्पना दुसऱ्या भाषेत नेणे तुलनेने सोपे असते.

### गृहपाठ

गृहपाठाबाबत पालकांची भूमिका मुलाच्या वयानुसार बदलते. प्राथमिक इयत्तांत शेजारी बसणे, सूचना समजली आहे का ते पाहणे आणि वेळेचे भान देणे पुरेसे असते. पुढील इयत्तांत अभ्यासाचे नियोजन हळूहळू मुलाकडे सोपवणे श्रेयस्कर मानले जाते. उत्तरे सांगणे, प्रकल्प स्वतः पूर्ण करून देणे किंवा प्रत्येक चुकीवर तत्काळ बोट ठेवणे यांमुळे मूल परावलंबी होते. मुलाने उत्तर कसे काढले हे त्याच्या तोंडून ऐकल्यास चूक नेमकी कोठे झाली ते कळते. अनेकदा सांगता सांगता ती त्याच्या स्वतःच्याच लक्षात येते.

पालकांच्या मनातील विषयाची भीतीही मुलांपर्यंत पोहोचू शकते. अमेरिकेत पहिली-दुसरीच्या मुलांवर झालेल्या आणि 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात गणिताची धास्ती असलेले पालक गृहपाठात वारंवार मदत करत असल्यास त्यांची मुले वर्षभरात गणित कमी शिकल्याचे आणि त्यांच्यातील धास्ती वाढल्याचे आढळले.

केंद्र सरकारच्या 2020 च्या दप्तरविषयक धोरणानुसार दुसरीपर्यंत गृहपाठ देऊ नये. तिसरी ते पाचवीसाठी आठवड्याला जास्तीत जास्त 2 तास, सहावी ते आठवीसाठी दिवसाला 1 तास आणि नववीपासून पुढे दिवसाला 2 तास अशी मर्यादा त्यात सुचवली आहे.

### दिनक्रम आणि झोप

नियमित उपस्थिती हा शैक्षणिक प्रगतीचा मूलभूत घटक आहे. गणितासारख्या विषयात एक पायरी चुकली की पुढील घटक समजणे कठीण जाते. लग्नकार्य, गावची जत्रा किंवा शेतीची कामे यांमुळे पडणारे खाडे एकेकटे किरकोळ वाटले, तरी वर्षअखेरीस त्यांची बेरीज मोठी होते.

पुरेशा झोपेचा संबंध एकाग्रता आणि स्मरणशक्ती यांच्याशी आहे. अमेरिकेतील निद्रावैद्यक अकादमीने 2016 मध्ये 6 ते 12 वर्षांच्या मुलांसाठी 9 ते 12 तास आणि 13 ते 18 वर्षांच्या मुलांसाठी 8 ते 10 तास झोपेची शिफारस केली. अभ्यासासाठी स्वतंत्र खोली आवश्यक नसते. ठरावीक वेळ, पुरेसा उजेड आणि त्या वेळेत दूरचित्रवाणी व मोबाइल बंद ठेवण्याचा घरातील सर्वांनी पाळलेला नियम यांतून अभ्यासाचे वातावरण तयार होते.

### अपेक्षा आणि कौतुक

मूल शिकू शकेल असा विश्वास पालकांनी व्यक्त करणे आणि ठरावीक गुणांचा आग्रह धरणे या भिन्न गोष्टी आहेत. पहिल्यामुळे मुलाला प्रयत्न करण्याचे बळ मिळते, तर दुसऱ्यामुळे अपयशाची भीती वाढू शकते. भावंडांशी किंवा शेजाऱ्यांच्या मुलांशी सतत होणारी तुलना आत्मविश्वासाला मारक ठरते.

क्लॉडिया म्यूलर आणि कॅरल ड्वेक यांनी 1998 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत ‘हुशार’ म्हणून वाखाणलेली मुले अपयशानंतर लवकर नाउमेद झाली. प्रयत्नांबद्दल कौतुक झालेली मुले अवघड काम करत राहिली. या विचारावर आधारलेल्या शालेय उपक्रमांचे परिणाम पुढील अभ्यासांत मर्यादित दिसले आहेत. नेमके काय चांगले जमले ते सांगणारे कौतुक मात्र मुलाला पुढील दिशा दाखवते.

## शाळेशी संपर्क

पालक आणि शिक्षक यांची भेट अनेकदा निकालाच्या दिवशी किंवा तक्रारीच्या प्रसंगीच होते. वर्षाच्या सुरुवातीला ओळख झालेली असल्यास पुढील अडचणींवर मोकळेपणाने बोलता येते. गुणांखेरीज मुलाचे वाचन त्याच्या इयत्तेच्या पातळीचे आहे का, तो वर्गात प्रश्न विचारतो का, त्याचे मित्र आहेत का आणि घरी कोणता सराव घ्यावा, या प्रश्नांतून अधिक उपयुक्त माहिती मिळते. घरातील आजारपण, स्थलांतर किंवा मृत्यू यांची शिक्षकांना कल्पना दिल्यास मुलाच्या वर्तनातील बदलाचा अर्थ त्यांना लागतो.

प्रयत्न करूनही वाचन-लेखनात किंवा गणितात सातत्याने अडचण येत असल्यास दृष्टी व श्रवण यांची तपासणी आणि आवश्यकतेनुसार अध्ययन अक्षमतेची चाचणी करून घेणे महत्त्वाचे असते. अशा मुलांना आळशी ठरवले जाण्याची शक्यता असते. महाराष्ट्र राज्य मंडळाच्या परीक्षांत प्रमाणित अध्ययन अक्षमता असलेल्या विद्यार्थ्यांना जादा वेळ, लेखनिक इत्यादी सवलती मिळतात.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 मध्ये समग्र प्रगतिपत्रकाला घर आणि शाळा यांच्यातील दुवा मानले आहे. महाराष्ट्रात 2022 पासून पहिलीत प्रवेश करणाऱ्या मुलांसाठी ‘पहिले पाऊल’ या नावाने शाळापूर्व तयारी मेळावे घेतले जातात. त्यांत वस्तीतील मातांचे गट तयार करून घरी घ्यावयाच्या सोप्या कृतींची माहिती दिली जाते.

## पहिल्या पिढीतील विद्यार्थी

ज्यांच्या घरात यापूर्वी कोणी शाळेत गेलेले नाही किंवा शिक्षण पूर्ण केलेले नाही, अशा मुलांना पहिल्या पिढीतील विद्यार्थी म्हणतात. अशा घरांतील पालकांची शिक्षणाविषयीची आस्था कमी नसते. अभ्यासक्रम, परीक्षा, शिष्यवृत्ती आणि प्रवेशप्रक्रिया यांची माहिती मात्र त्यांच्यापर्यंत सहज पोहोचत नाही. शाळेत जाऊन बोलण्याचा संकोच, शिक्षकांची औपचारिक भाषा आणि कधी कधी वाट्याला येणारी तुच्छतेची वागणूक यांमुळे ते दूर राहतात.

तरीही त्यांना प्रभावी मदत करता येते. मुलाला घरकामातून किंवा मजुरीतून मोकळे ठेवणे, रोज दप्तर उघडायला लावून ‘आज काय शिकलास?’ असे विचारणे, वही दाखवायला सांगणे आणि अडलेल्या प्रश्नासाठी शिक्षकांकडे किंवा वस्तीतील मोठ्या विद्यार्थ्याकडे पाठवणे यांसाठी साक्षरतेची अट नसते. मुलगा किंवा मुलगी आपल्याला शिकवत असताना लक्षपूर्वक ऐकणारा पालकही तिच्या अभ्यासाची उजळणीच करून घेत असतो. मुलींच्या बाबतीत शाळेत जाण्या-येण्याची सुरक्षित सोय करणे आणि लवकर विवाह टाळणे हे निर्णय शिक्षण टिकण्यास थेट कारणीभूत ठरतात.

हंगामी स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांपुढील प्रश्न अधिक बिकट आहे. बीडसह मराठवाड्यातील अनेक ऊसतोड कामगार दिवाळीच्या सुमारास साखर कारखान्यांकडे जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. मुले बरोबर गेल्यास शाळा सुटते आणि मागे राहिल्यास आई-वडिलांचा सहवास सुटतो. त्यांच्यासाठी साखरशाळा, हंगामी वसतिगृहे आणि शिक्षण हमी पत्रक यांसारखे उपाय योजण्यात आले. गावी राहिलेल्या मुलांच्या बाबतीत आजी-आजोबा हेच प्रत्यक्ष पालक असतात. त्यामुळे शाळेने त्यांच्याशी संपर्क ठेवणे आवश्यक ठरते.

## मर्यादा आणि टीका

अमेरिकी समाजशास्त्रज्ञ अ‍ॅनेट लॅरो यांनी 2003 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखवून दिले की, मध्यमवर्गीय पालकांच्या पद्धती शाळेच्या अपेक्षांशी जुळतात आणि त्यांच्या मुलांना त्याचा लाभ मिळतो. श्रमिक कुटुंबांच्या पद्धतींना शाळेत तेवढे मोल मिळत नाही. त्यामुळे पालकांच्या सहभागावर अतिरिक्त भर दिल्यास विषमता वाढू शकते, असा आक्षेप घेतला जातो. खासगी शिकवण्या आणि पालकांकडून करून घेतले जाणारे प्रकल्प ही त्याची ठळक उदाहरणे मानली जातात.

दुसरा आक्षेप जबाबदारीच्या वाटणीबद्दल आहे. ‘पालक’ हा शब्द वापरला जात असला, तरी प्रत्यक्षात अभ्यास, डबा आणि शाळेच्या बैठका यांचा भार बहुधा आईवर पडतो. कामाची वेळ बदलता न येणाऱ्या मजुरांना दिवसा होणाऱ्या सभेसाठी रोजंदारी बुडवावी लागते. सभा त्यांच्या सोयीच्या वेळी आणि बोलीत घेतल्यास उपस्थिती वाढण्यास मदत होते.

पालकांचा अतिहस्तक्षेप हाही टीकेचा विषय आहे. दहावी-बारावीच्या परीक्षा आणि स्पर्धात्मक प्रवेश परीक्षांच्या काळात घरातील दबाव मुलांच्या मानसिक आरोग्यावर विपरीत परिणाम करू शकतो. झोप उडणे, जेवण तुटणे, एकटे राहणे किंवा निराशेची भाषा बोलणे ही लक्षणे दिसल्यास अभ्यासापेक्षा मुलाच्या स्वास्थ्याला प्राधान्य देऊन समुपदेशक किंवा डॉक्टरांची मदत घेणे आवश्यक असते.

पालकांचा सहभाग हा चांगल्या शिक्षकांना आणि सुसज्ज शाळेला पर्याय ठरू शकत नाही. मूल मागे पडल्याचे संपूर्ण दायित्व कुटुंबावर टाकल्यास शिक्षकांची रिक्त पदे, अपुऱ्या सुविधा आणि गरिबी यांकडे दुर्लक्ष होते, असे शिक्षणहक्काच्या क्षेत्रातील अभ्यासकांचे मत आहे.

## हे सुद्धा पहा

* बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, 2009
* शाळा व्यवस्थापन समिती
* ताराबाई मोडक
* अनुताई वाघ
* राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020